‘अहो’ म्हणून घेतलेला निरोप

‘सायोनारा’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात शिरला तो १९६६ सालच्या ‘लव्ह इन टोकियो’ या चित्रपटामुळे. लताबाईंच्या स्वरातले ते गाणे खेळकर आहे. त्यातली नायिका उद्या पुन्हा येण्याचे वचन देऊन निरोप घेते. मूळ जपानी शब्दाचा अर्थ मात्र ‘असेच असेल तर’ एवढाच आहे. वाक्य तेथेच थांबते आणि पुढचे बोलायचे राहून जाते. प्रेमभंगाची जपानी गाणी ऐकताना मला हा अर्धा राहिलेला शब्द वारंवार आठवतो.

जपानबाहेर गाजलेले जुने जपानी गाणे प्रायः एकच : क्यू साकामोतो यांचे ‘उए ओ मुइते आरुको’. डोळ्यांतले पाणी ओघळू नये म्हणून वर पाहत चालणाऱ्या एकाकी माणसाचे हे गाणे १९६३ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. पण तेथे त्याचे नाव झाले ‘सुकियाकी’. सुकियाकी हा मांसाचा एक पदार्थ आहे. रडू आवरणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरातले नाव मिळाले, यावर अधिक काय लिहावे! मला लिहायचे आहे ते जपानात घरोघरी ठाऊक असलेल्या, परंतु आपल्यापर्यंत क्वचितच पोचलेल्या तीन-चार गाण्यांविषयी. ती सत्तरीच्या दशकातली आहेत.

‘किता नो यादो कारा’, म्हणजे ‘उत्तरेतल्या एका मुक्कामावरून’, हे हारुमी मियाको यांनी १९७५ साली गायिले; पुढच्या वर्षी त्याला जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला. शब्द आकू यू यांचे, चाल आसेइ कोबायाशी यांची. एक स्त्री थंड प्रदेशातल्या मुक्कामी बसून लोकरीचा स्वेटर विणते आहे. ज्याच्यासाठी विणते तो तो कधीच घालणार नाही, हे तिला माहीत आहे. या गुंतून राहण्याला ती स्वतःच नाव ठेवते, आणि तरी विणत राहते. गाण्याचा आरंभ मात्र आक्रोशाने होत नाही. तो पत्रासारखा होतो, क्षेमकुशल विचारून. आपल्याकडे जुन्या पत्रांत ‘इकडील सर्व क्षेम, आपले कुशल कळवीत जावे’ असे लिहीत, तसाच हा आरंभ आहे.

येथे ‘आनाता’ हे संबोधन येते. इंग्रजी अनुवादात त्याचे नुसते ‘यू’ होते. हिंदीत ‘तुम’ करावे तर जवळीक येते, पण अदब जाते. जपानी गृहिणी नवऱ्याला हाक मारते तीही ‘आनाता’ अशी, नाव न घेता. मराठीला यासाठी शब्द शोधावा लागत नाही. तो आपल्या आजीच्या तोंडी होता : ‘अहो’. नाते तुटलेले आहे आणि ‘अहो’ मात्र तुटलेले नाही, यातच या गाण्याची सारी व्यथा साठलेली आहे. दुःखाचा लोंढा बोलण्याच्या रीतीत धरून ठेवायचा, ही या गाण्यांची जगून निघण्याची युक्ती आहे असे माझे मत आहे.

याची परमावधी ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकि’ या गाण्यात दिसते. ते १९७७ च्या जानेवारीत आले. शब्द पुन्हा आकू यू यांचेच, चाल ताकाशी मिकी यांची. गायिका सायुरी इशिकावा तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या, आणि त्या दक्षिणेकडच्या कुमामोतोच्या. गाणे मात्र थेट उत्तर टोकाचे. तोक्योच्या उएनो स्थानकावर रात्रीच्या गाडीत बसलेली स्त्री उतरते ती बर्फातल्या आओमोरीत. मधल्या साऱ्या रात्रीला कवीने एका वाक्यात गुंडाळले आहे. तेथून होक्काइदोला जाणारी बोट. उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशांत कोणी बोलत नाही, समुद्राची गाज तेवढी ऐकू येते. ती का निघाली आहे, हे कवी लगेच सांगत नाही. कुणी अनोळखी माणूस तप्पीचे भूशिर बोटाने दाखवतो. ती श्वासाने धुरकटलेली काच पुसते, आणि तरी पलीकडचे नीटसे दिसत नाही. मग येतो तो शब्द, ‘सायोनारा’, आणि त्यापाठोपाठ ‘आनाता’. ज्याला उद्देशून ते आहे तो बोटीवर नाही. आपल्या घरी परत जाते आहे, एवढेच ती सांगते, आणि तेही आदरार्थी क्रियापदात. आपल्याकडे निघणारी बाई ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणते. हिच्याजवळ तो आडोसाही नाही.

या प्रकाराला जपानात ‘एन्का’ म्हणतात. त्याच्या अनेक चाली मध्यम आणि निषाद वगळून बांधलेल्या असतात. शुद्ध स्वरांत असे केले की आपला भूप होतो. गंधार आणि धैवत कोमल केले की दुःखाच्या एन्काचा सूर मिळतो, म्हणजे धैवत उतरवलेली शिवरंजनीच म्हणा. मैफलींना नियमाने जाणाऱ्या श्रोत्याला त्यामुळे हे गाणे परके वाटत नाही. स्वर घोटून त्याला झोल देण्याची ‘कोबुशि’ ही पद्धतही ओळखीची वाटेल, मात्र तिला आपल्या मुरकीचे नाव देण्याची घाई करू नये.

१९८८ च्या मार्चमध्ये सामुद्रधुनीखालचा सेइकान बोगदा सुरू झाला आणि रेल्वेची ती बोटसेवा बंद झाली. गाणे टिकले. तप्पीच्या भूशिरावर त्याची शिळा आहे. कळ दाबली की गाणे वाजते.

‘मोमेन नो हांकाचीफु’, ‘सुती हातरुमाल’, हे त्याआधीचे, १९७५ च्या अखेरचे. हिरोमी ओता यांनी गायिलेले, ताकाशी मात्सुमोतो यांनी लिहिलेले. चाल क्योहेइ त्सुत्सुमी यांची, आणि ती चक्क प्रसन्न आहे. चार कडवी, प्रत्येकाचा पहिला भाग शहरात गेलेल्या तरुणाचा, दुसरा गावी राहिलेल्या मुलीचा. तो भेटवस्तू देऊ म्हणतो, ती म्हणते मला काही नको, शहराचा रंग न चढता परत या. शेवटी तो कळवतो की आता येणे होणार नाही. तेव्हा ती पहिल्यांदाच एक वस्तू मागते : डोळे पुसायला सुती रुमाल. दोघांसाठी एकच गळा आणि एकच चाल, म्हणून ते गाणे भांडण होत नाही.

हे ऐकताना मी जरा अस्वस्थ झालो. कारण आपण, देशावरून आणि कोकणातून दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी निघून या गावांत स्थिरावलेल्या घराण्यांतले लोक, त्या न परतलेल्या माणसाचे वंशज आहोत. आपल्या वंशावळींत कोण कोणत्या सरदाराबरोबर आला ते लिहिलेले असते. मागे कोण राहिली, तिचे नाव नसते.

येथेच माझा या गाण्यांवरचा आक्षेपही सांगितला पाहिजे. विणणारी, काच पुसणारी, रुमाल मागणारी, या तिघींचे शब्द पुरुषांनी लिहिलेले आहेत. त्यांची अदब सुंदर आहे, पण ती सोडून जाणाऱ्याला फार सोयीची आहे. त्याला कोणी जाब विचारीत नाही.

म्हणून मियुकी नाकाजिमा यांचे ‘वाकारेउता’, ‘निरोपाचे गाणे’, शेजारी ठेवून ऐकावे. तेही १९७७ चेच. शब्द आणि चाल दोन्ही त्यांची स्वतःची, आणि त्या होक्काइदोच्या, म्हणजे ती बोट जेथे पोचते त्या किनाऱ्याच्या. यातली स्त्री रस्त्यात कोसळून कुणाचे तरी नाव घेत राहते. खुशाली विचारणे नाही, विणकाम नाही. प्रेम संपताना देखणा दिसतो तो फक्त निघून जाणारा, हे ती तोंडावर सांगते. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला धावणे आणि वेड्यासारखे रडणे येते. मला स्वतःला बोटीवरचे गाणे अधिक आवडते, हे लपवत नाही. पण ते ऐकून झाल्यावर हे लावल्याशिवाय अलीकडे मला उठवत नाही.