‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ : कलाटणीनंतरचे वाचन

कलाटणीवर उभारलेली कथा एकदाच वाचता येते, रहस्य कळताच तिचे आयुष्य संपते, असा आक्षेप ओ. हेन्रीच्या (विल्यम सिडनी पोर्टर, १८६२–१९१०) कथालेखनावर घेतला जातो. त्याच्या पुष्कळ कथांच्या बाबतीत तो खराही आहे. तथापि १९०५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेली व १९०६ साली ‘द फोर मिलियन’ या संग्रहात आलेली ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ ही कथा त्यास अपवाद मानावयास हवी. किंबहुना तिची वाक्यरचनाच दुसऱ्या वाचनाची वाट पाहत असते.

कथानक सर्वपरिचित आहे. नाताळच्या आदल्या दिवशी डेला आपले केस विकून पतीच्या घड्याळासाठी साखळी आणते; जिमने तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी फण्या आणलेल्या असतात. लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी, की डेलाच्या बाजूचा व्यवहार लेखक सेंटासेंटाने मांडतो. शिल्लक १ डॉलर ८७ सेंट, केसांचे २० डॉलर, साखळीचे २१ डॉलर, हाती उरले ८७ सेंट. जिमची आठवड्याची कमाई ३० डॉलरांवरून २० वर आली आहे, हेही कळते. म्हणजे डेलाचे केस बरोबर त्याच्या एका आठवड्याच्या कमाईइतक्या मोलाचे ठरतात. लेखक हे बोलून दाखवीत नाही, ते बरेच आहे. उलटपक्षी घड्याळ कितीला गेले, फण्यांना काय पडले, याचा एकही आकडा कथेत नाही. जमाखर्चाच्या वहीत एक पान कोरे राहिले आहे, हे आकड्यांत गुंतलेल्या वाचकाच्या ध्यानीच येत नाही.

जिम दारात येतो तो प्रसंग या दृष्टीने विशेष पाहण्याजोगा आहे. त्याच्या मुद्रेवरचा भाव काय आहे हे निवेदक सांगत नाही. तो काय नाही, एवढेच सांगतो : राग नव्हे, आश्चर्य नव्हे, नापसंती नव्हे, भीतीही नव्हे. नकारांची ही माळ संपते तरी विधान येत नाही. पुढे जिम केस कापल्याबद्दल विचारतो, उत्तर मिळाल्यावर पुन्हा तेच विचारतो. व्याकरणदृष्ट्या हे प्रश्न आहेत. माहिती मात्र त्यांतून मागितलेली नाही. प्रथम वाचताना वाचक डेलाच्या बाजूला उभा असतो, म्हणून त्यास या प्रश्नांत पतीची नाराजी ऐकू येते. दुसऱ्या वेळी तेच शब्द, तोच क्रम. पण ओव्हरकोटाच्या खिशातील पुडके आता वाचकास ठाऊक असते, आणि प्रश्न डेलाला नव्हे, स्वतःलाच घातलेले आहेत असे दिसू लागते. शब्द न बदलता वाक्याचा हेतू बदलावा, ही किमया केवळ युक्तीने साधत नाही.

अखेरच्या परिच्छेदात निवेदक मध्ये पडून या दोघांना खरे शहाणे ठरवितो, ते अनावश्यक वाटते. मराठीत तर ‘शहाणा’ हा शब्द उपरोधासही तत्पर असतो, त्यामुळे अनुवादकाची येथे अधिकच पंचाईत व्हावी. मराठी बायबलातील ‘मागी’ घ्यावा, तर ‘मागणे’ या धातूचा भलताच ध्वनी देणाऱ्यांनाच येऊन चिकटतो.

दोन्ही त्याग तोलून सारखे ठरविण्याची वाचकांची सवयही कथेशी जुळत नाही. आपले केस लवकर वाढतात, असे डेला स्वतःच सांगते. फण्यांना थोडे थांबावयाचे आहे, इतकेच. आजोबांकडून वडिलांकडे व वडिलांकडून जिमकडे आलेले घड्याळ मात्र पुन्हा वाढावयाचे नाही. तरीही दोन्ही भेटी तूर्त बाजूस ठेवू, असे जिम म्हणतो. मूळ इंग्रजीत ‘तूर्त’साठी योजलेल्या शब्दप्रयोगात ‘भेट’ या अर्थाचाच शब्द येतो, हा श्लेष मराठीत आणता येणे कठीण. फण्यांच्या बाबतीत ते ‘तूर्त’ खरे आहे. साखळीच्या बाबतीत ते खरे नाही, हे जिमला ठाऊक आहे. आणि ते बोलून तो डेलाला चॉप्स चुलीवर ठेवावयास सांगतो.