संगणक-साक्षरतेचा विस्तार : बारामती-इंदापूरच्या संदर्भात

महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड या कंपनीच्या वाढीचे श्रेय बहुधा तंत्रज्ञानाच्या सामर्थ्याला दिले जाते. राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ साली ही कंपनी स्थापन झाली. शासन व राज्यातील विद्यापीठे हे तिचे प्रमुख भागधारक होत. तिच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी एक कोटीहून अधिक झाले, असे ती सांगते. २००८ साली राजस्थानात याच धर्तीची कंपनी निघाली. एवढा विस्तार पाहिला म्हणजे तो आंतरजालाचा प्रताप असावा असे सहज वाटते. परंतु बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतून पाहिले असता हे अनुमान फारसे टिकत नाही.

अभ्यासक्रम सुरू झाला त्या काळात या तालुक्यांतील सामान्य घरात संगणक नव्हता. मग आंतरजाल कोठून असणार? शिकणाऱ्याला एसटीने बारामतीस, इंदापुरास, नाही तर भिगवण-वालचंदनगरसारख्या बाजाराच्या अथवा कारखान्याच्या गावी जावे लागे, आणि तेथील एखाद्या गाळ्यात मांडलेल्या यंत्रांपुढे रोज ठरलेला वेळ बसावे लागे. गाळ्याचे भाडे, यंत्रांची खरेदी, वीज गेली असता चालणारी बॅटरी, शिकविणाऱ्याचा पगार हा सारा भार केंद्रचालकावर. तारेवरून येत असे ते मुख्यतः नोंदणी, परीक्षा आणि निकाल. ‘ऑनलाईन’ हे विशेषण प्रारंभीच्या काळात शिक्षणापेक्षा शिक्षणाच्या व्यवस्थापनालाच अधिक लागू पडते. हे व्यवस्थापन उत्तम होते, यात संशय नाही. संस्थापक व्यवस्थापकीय संचालक विवेक सावंत हे सी-डॅकमधून आलेले. शेकडो विखुरलेल्या केंद्रांना एकाच पाठ्यक्रमाने व एकाच परीक्षेने बांधून ठेवणे ही सामान्य कामगिरी नव्हे. मात्र भांडवलाचा आणि नुकसानीचा मोठा वाटा तालुक्याच्या गावातील लहान व्यावसायिकाने उचलला, ही गोष्ट विस्ताराच्या वर्णनांत क्वचितच आढळते.

मागणीचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. एनआयआयटी (१९८१) व ॲपटेक (१९८६) या कंपन्यांनी शहरांतील तरुणांना नोकरीची आशा दाखवून वर्ग भरविले. एमएस-सीआयटीने नोकरीचे नव्हे, अर्हतेचे आश्वासन दिले, आणि ती अर्हता शासनाने स्वतःच आवश्यक ठरविली. कर्मचाऱ्याने ठरलेल्या मुदतीत संगणक अर्हता मिळविली नाही तर वेतनवाढ रोखण्याची तरतूद झाली. त्यामुळे प्राथमिक शिक्षक, लिपिक, तलाठी पन्नाशीकडे झुकलेल्या वयात विद्यार्थी झाले. त्यांच्या पाठोपाठ भरतीची वाट पाहणारे पदवीधर आले. ज्या शासनाने ही अट घातली, तेच कंपनीचे भागधारक होते. यात गैर काही घडले असे नव्हे. पण अशा मागणीला लोकांची ज्ञानतृष्णा म्हणणे हे समीक्षेच्या दृष्टीने ढिलाईचे आहे. थिंक अँड लर्न ऊर्फ बायजूज ही २०११ साली स्थापन झालेली कंपनी अवाढव्य भांडवलावर वाढली आणि २०२४ साली दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. तिच्या तुलनेने मराठी कंपनीचे स्थैर्य उठून दिसते खरे, परंतु त्या स्थैर्यामागे शासननिर्णयांचा आधार होता, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

या मुलखापाशी तुलनेसाठी स्वतःचा एक नमुना आहे. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला, पुढे ऊस आला, आणि उसामागून माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे सहकारी कारखाने उभे राहिले. तेथे ऊस घालणारा शेतकरी सभासद असतो; वार्षिक सभेत उठून तो भावाविषयी जाब विचारू शकतो. (प्रत्यक्षात किती जण विचारतात, हा भाग निराळा.) संगणक-केंद्रात येणाऱ्याला असे कोणतेही स्थान नव्हते. तो शुल्क भरणारा ग्राहक होता. काय शिकावे, किती शिकावे हे पुण्यात ठरे. ज्या तालुक्याने सहकार अंगी मुरविला, त्याच तालुक्यात ज्ञानाची वाटणी मात्र वरून खाली झाली, हा विरोध अभ्यासकांनी अद्याप नीट तपासलेला दिसत नाही.

सभासदत्व असते तर सारे साधले असते, असाही निष्कर्ष काढता येत नाही. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या परिसरात सुमारे ७० खेड्यांना संगणकांनी जोडण्याची योजना आली. ती यंत्रे मुख्यतः उसाच्या नोंदी व वजने कळविण्याच्या कामी आली. पुढे तेच काम साध्या मोबाईलच्या लघुसंदेशांनी स्वस्तात करून दाखविण्यात आले. संस्था सभासदांची होती, तरी संगणकाचा उपयोग कारखान्याच्या हिशेबापलीकडे फारसा गेला नाही.

एमएस-सीआयटीची न नाकारता येणारी देणगी भाषेची आहे. एका तांत्रिक विषयाचा पाठ्यक्रम मराठीतून, आणि तोही महाविद्यालयाबाहेरील प्रौढांना, इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच दिला गेला असेल. ‘धारिका’ मागे पडून ‘फाईल’ रूढ झाली याची खंत करण्याचे कारण नाही. हा शब्द कचेरीत आधीच घरचा झाला होता. उणीव शब्दांची नव्हती. या शिक्षणाने यंत्र वापरणारा घडविला. यंत्राकडून आलेले उत्तर पारखणारा घडविणे त्याच्या हेतूतच नव्हते.

ही उणीव आता बारामतीतच जाणवू लागली आहे. तेथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याची बरीच चर्चा झाली. उपग्रहाची चित्रे, हवामान आणि जमिनीतील ओल यांवरून निघालेला सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. संदेश कसा उघडावा हे त्याला शिकविण्याची गरज उरलेली नाही. पाणी आज द्यावे की दोन दिवसांनी, हे त्या यंत्राने कोणत्या नोंदींवरून ठरविले आणि त्या नोंदी कोणाच्या मालकीच्या, हे विचारण्याचे शिक्षण त्याला कोणत्या केंद्रात मिळावे, हे मात्र अजून ठरलेले नाही.