साठोत्तरी म्हणजे नेमके कितीनंतर?

पिढी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हा प्रश्न आम्हां बँकवाल्यांना पडत नाही. एकतीस मार्चच्या रात्री जुने वर्ष ताळेबंदात गुंडाळायचे आणि एक एप्रिलला नवे उघडायचे. मराठी समीक्षेत मात्र अशी सोय नाही.

आमच्या शेजारी मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. रविवारी तर्री-पोह्यांच्या साक्षीने मी त्यांना विचारले, ‘सर, साठोत्तरी म्हणजे 1960 नंतरचे ना जी?’

‘अर्थात!’

‘मग कोलटकर-चित्र्यांचे ‘शब्द’ तर 1955 साली निघाले.’

‘ती पूर्वतयारी.’

म्हणजे खाते उघडायच्या आधीच व्याज सुरू! बरे, अरुण कोलटकर जन्मले 1932 साली, आमचे सुरेश भटही 1932 सालीच. भटांचा ‘रूपगंधा’ 1961 चा, म्हणजे कॅलेंडरप्रमाणे चोख साठोत्तर. कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह 1977 चा. तरी साठोत्तरींच्या यादीत कोलटकर वर, आणि भटांचे नाव शोधायला चष्मा पुसावा लागतो.

‘भट वृत्तात लिहितात हो,’ सर म्हणाले.

आता खरी गोम कळली. साठोत्तरी हे साल नव्हेच, तो स्वभाव आहे. ‘सत्यकथा’सारख्या प्रस्थापितांशी पंगा, लघुनियतकालिके, 1963 मधली नेमाड्यांची ‘कोसला’ आणि बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’, 1972 मधला ढसाळांचा ‘गोलपिठा’. या मंडळींनी मराठीच्या दिवाणखान्यात अशी माणसे आणून बसवली, ज्यांना पूर्वी ओसरीवरच थांबवत. हे मोठे काम आहे आणि त्याला नाव हवेच. पण नाव भांडणाचे द्या ना! आकडा कशाला? आकडा दिला की वाचकाला वाटते, ही हजेरी आहे. जो यादीत नाही तो त्या दिवशी गैरहजर होता.

ग्रेस नेमाड्यांहून एका वर्षाने मोठे. ‘संध्याकाळच्या कविता’ 1967 चा. इथेच नागपुरात बसून ते लिहीत होते, गैरहजर मुळीच नव्हते. पण कोणत्या रकान्यात टाकावे कळेना, म्हणून ‘स्वतंत्र वळणाचे कवी’! बँकेत याला सस्पेन्स खाते म्हणतात. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती तिथे ठेवायची. फरक एवढाच, की आमच्याकडे ऑडिटर येऊन विचारतो, ‘ही नोंद कधी काढणार?’ समीक्षेत तेवढा एक ऑडिटर नाही. त्यामुळे आमच्या गावचे पोर गाइड उघडते आणि आपल्या गावचा कवी त्याला ‘इतर’मध्ये भेटतो.

घरी आलो तर कन्या म्हणाली, ‘बाबा, अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या हिशेबाने मिलेनियल म्हणजे 1981 ते 1996. तुम्ही 1980 चे, म्हणून जेन एक्स. काका मिलेनियल.’

एका आईचे आम्ही दोघे. एकच सायकल, एकच शाळा, त्याच्या अंगावर माझाच जुना शर्ट. आणि मध्ये अख्खी पिढी!

धाकट्याला फोन करून ही बातमी दिली. तो म्हणाला, ‘दादा, मग तो शर्ट कोणत्या पिढीचा धरायचा?’

सरांना विचारून सांगतो म्हटले. ते म्हणतील, पूर्वतयारी.