अंगातले वारे आणि आत्म्यांची पारख

जाणिवेची नेहमीची घडी मोडून माणूस काही काळ निराळ्याच कोणाच्या तरी वतीने बोलू-वागू लागतो, या अवस्थेस मराठीत ‘अंगात येणे’ असे म्हणतात. या विषयावर गेल्या सव्वाशे वर्षांत मानसशास्त्र, मानवशास्त्र आणि मेंदूविज्ञान या तिन्ही शास्त्रांत विपुल लेखन झाले आहे. त्यातील काही प्रमुख मतांचे परीक्षण प्रस्तुत लेखात आम्ही करू इच्छितो. हेतू केवळ विद्वत्तेचा नाही. खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या पाळकांना आणि धर्मशिक्षकांना या अवस्थेविषयी निर्णय द्यावा लागतो, आणि त्या निर्णयावर एखाद्याचे औषधपाणी, एखाद्याची अब्रू आणि क्वचित प्राणही अवलंबून असतात.

बालाघाट जिल्ह्यातील लालबर्रा परिसराचे उदाहरण घेऊ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला. तथापि बोलींनी ती सीमा फारशी मानलेली नाही. पवारी, मराठी, हिंदी आणि गोंडी येथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. नवरात्रात जवारे पेरले जातात, जसगीते गाइली जातात आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत कोणाच्या तरी अंगात येते. मराठी बोलणारा म्हणतो ‘अंगात आले’, हिंदी बोलणारा म्हणतो ‘भाव आला’, आणि शिकलेला मनुष्य हलक्या आवाजात ‘मिरगी असेल’ असे म्हणतो. त्याच प्रदेशातील एखाद्या प्रार्थनासभेत कोणी थरथर कापू लागला, रडू लागला, न कळणारे शब्द उच्चारू लागला, तर आपले लोक म्हणतात की पवित्र आत्मा उतरला. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही प्रसंगांत शरीराचे वर्तन पुष्कळसे सारखे दिसते. मग निर्णय कशाच्या आधारे करावयाचा?

पहिले उत्तर मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांचे आहे. हे उत्तर नवे नाही. विल्यम जेम्स यांनी एडिंबरो येथील व्याख्यानांत, जी १९०२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, त्याचा परामर्श घेतला होता. दिमिष्काच्या वाटेवरील पौलाचा अनुभव म्हणजे अपस्माराचा झटका होय, असे म्हणणारे वैद्यक त्या काळीही होते. जेम्स यांचे उत्तर आजही खोडता येत नाही. विश्वास ठेवणाऱ्याच्या मेंदूत जशी काही क्रिया घडते, तशी अविश्वास धरणाऱ्याच्या मेंदूतही घडतच असते. शारीरिक उगम दाखविल्याने एकाचे मत खोटे ठरत असेल, तर दुसऱ्याचेही ठरावे. एखाद्या अनुभवाचे मोल त्याच्या उगमावरून नव्हे, तर त्याच्या फळांवरून करावे, असा जेम्स यांचा निष्कर्ष होता.

पुढे या वादात यंत्रे आली. कॅनडातील मायकेल पर्सिंजर यांनी शिरस्त्राणासारख्या साधनातून डोक्याच्या दोन्ही बाजूंस क्षीण चुंबकीय क्षेत्र लावले. आपल्याजवळ कोणीतरी अदृश्य उभे आहे असा भास त्यामुळे होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. देवाची जागा मेंदूत सापडली, अशा थाटाच्या बातम्या त्यावरून उठल्या. परंतु २००५ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी तोच प्रयोग अधिक कसोशीने केला. यंत्र चालू आहे की बंद, हे बसणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि प्रयोग घेणाऱ्यालाही नव्हते. तेव्हा असे आढळले की चुंबकाचा काहीच परिणाम होत नाही. सूचनेला चटकन वश होणाऱ्या स्वभावाच्या माणसांना मात्र असा अनुभव येण्याचा संभव अधिक असतो. म्हणजे यंत्रापेक्षा अपेक्षा बलवत्तर ठरली. अपेक्षा कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर केवळ कवटीच्या आत शोधून भागत नाही.

२००६ साली अमेरिकेत अँड्र्यू न्यूबर्ग व त्यांचे सहकारी यांनी अन्य भाषांत बोलणाऱ्या पाच ख्रिस्ती स्त्रियांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाच्या प्रतिमा घेतल्या आणि त्याच स्त्रिया भक्तिगीते गात असतानाच्या प्रतिमांशी त्यांची तुलना केली. अन्य भाषांत बोलताना मेंदूच्या पुढील भागाचे, म्हणजे हेतुपूर्वक नियंत्रण करणाऱ्या भागाचे, कार्य मंदावलेले दिसले. आपण बोलत नाही, आपल्यातून बोलले जाते, या त्यांच्या कथनाशी हे निरीक्षण जुळते. पाच जणींवरून मोठा सिद्धान्त उभारता येत नाही, हे तर खरेच. पण त्या स्त्रिया ढोंग करीत नव्हत्या, असे मानण्यास त्यामुळे जागा मिळते. ते बोलणे देवापासून होते किंवा नव्हते, याविषयी मात्र ती प्रतिमा मूक आहे. आमच्या मते मेंदूविज्ञानाची थोरवी आणि मर्यादा या एकाच ठिकाणी दिसून येतात. दार कसे उघडते ते हे शास्त्र सांगते. आत कोण आले, हे त्याच्या अधिकारातले नाही.

दुसरे उत्तर संस्कृतीच्या अभ्यासकांचे. एरिका बुर्गीन्यों यांनी १९७३ साली संपादित केलेल्या ग्रंथात जगातील ४८८ समाजांची पाहणी दिली आहे. त्यांपैकी ४३७ समाजांत, म्हणजे शंभरांत नव्वदांत, जाणिवेची अशी पालटलेली अवस्था कोणत्या तरी रूढ व मान्य स्वरूपात आढळली. तेव्हा ही अवस्था मागासलेल्यांची खूण मानणे चुकीचे आहे. ती मनुष्यस्वभावातील एक शक्यता आहे, आणि तिला अर्थ कोणता द्यावयाचा हे प्रत्येक समाज ठरवितो.

महाराष्ट्रापुरते हे काम जॉन स्टॅन्ले यांनी केले. एलिनॉर झेलियट व मॅक्सिन बर्नसन यांनी संपादिलेल्या १९८८ च्या संग्रहातील त्यांच्या निबंधात ‘अंगात येणे’ आणि ‘भूतबाधा’ यांतील भेद दाखविला आहे. मराठी बोलणाऱ्यास तो भेद क्रियापदातच मिळालेला असतो: देव येतो, भूत लागते. येणाऱ्याचे स्वागत होते, लागलेल्यास काढावे लागते. यावरून आमच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांना आपण अंधश्रद्ध म्हणतो, ते लोकही पारख करीतच असतात. बैगा समाजाविषयी व्हेरियर एल्विन यांचा ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. बालाघाट व मंडला या भागांतील या समाजात शेतीचे विधी करणारा देवार निराळा, रोग उतरविणारा गुनिया निराळा आणि स्वप्नांत व दृष्टान्तांत पाहणारा जान पांडे निराळा. प्रत्येकाचे काम नेमलेले आहे. येथे केवळ अनावर भावनेचा गोंधळ नाही, व्यवस्था आहे.

एल्विन १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सोबत्यासह गोंड-बैगांत राहिले आणि १९३५ साली त्यांनी चर्च सोडले. त्यांच्या लेखनातील आदर व बारकावा आपल्या लोकांनी शिकण्याजोगा आहे. तथापि समजून घेणे म्हणजेच सर्व काही, अशी त्यांची आणि एकूणच या अभ्यासकांची वृत्ती आम्हांस अपुरी वाटते. आय. एम. ल्यूइस यांच्या १९७१ च्या ग्रंथात हा अपुरेपणा अधिक स्पष्ट होतो. ज्यांना समाजात बोलण्याची सोय नसते, विशेषतः स्त्रिया, त्यांचे गाऱ्हाणे संचारातून बाहेर पडते, असे ते म्हणतात. यात पुष्कळ तथ्य आहे. एरवी जिचे कोणी ऐकत नाही त्या सुनेच्या अंगात देवी आली म्हणजे सासूही हात जोडते. पण गाऱ्हाणे ओळखल्यावर ते दूर करण्याचे कर्तव्य कोणाचे, आणि अंगात आलेल्याने सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, हे प्रश्न ग्रंथ मिटल्यावर शिल्लकच राहतात. पाळकाचे काम नेमके तेथून सुरू होते.

मेंदू व संस्कृती यांची गाठ कशी पडते, याचे उत्तम उदाहरण तान्या लूरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ, घानातील आक्रा आणि आपले चेन्नई, अशा तीन ठिकाणी प्रत्येकी वीस गंभीर मनोरुग्णांना त्यांना ऐकू येणाऱ्या आवाजांविषयी विचारण्यात आले. अमेरिकेतील रुग्णांना ते आवाज बहुधा हिंसक व परके वाटत. चेन्नईत पुष्कळांना नात्यातल्या माणसांचे आवाज ऐकू येत. ते घरातली कामे सांगत, रागे भरत, समजूतही घालीत. निदान एकच असताना अनुभव निराळा होता. तेव्हा संस्कृती ही आजारावर वरून चढविलेली झूल नव्हे. ती अनुभवाच्या आतच मिसळलेली असते.

आता आपल्या घरात पाहू. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे स्त्रिया व मुली वाचवून आणल्या आणि पुढे केडगावचे मुक्ति सदन भरून गेले. तेथे जानेवारी १९०५ मध्ये नित्य प्रार्थनेचा एक गट सुरू झाला आणि जूनच्या अखेरीस संजीवन आले. मुली रडत, पापे कबूल करीत, थरथरत. अंगात आग पेटल्यासारखी वाटते असे सांगत. पुढे काहीजणी अन्य भाषांत बोलू लागल्या. लॉस एंजेलिस येथील १९०६ च्या प्रसिद्ध संजीवनाच्या आधीची ही घटना आहे. मिनी एब्रम्स यांनी तिच्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीत पोचली आणि तेथील १९०९ च्या संजीवनास तिची प्रेरणा झाली.

त्या काळी काही पाश्चात्य मंडळींना हा प्रकार असभ्य वाटला. रमाबाईंची भूमिका अशी होती की हिंदी लोकांत आत्म्याचे कार्य त्यांच्या स्वभावास साजेल अशा रीतीने होऊ द्यावे, पाश्चात्य शिस्तीचा साचा त्यावर लादू नये. अन्य भाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची एकमेव व आवश्यक खूण होय, असे मात्र त्यांनी कधी मानले नाही. प्रीतीला त्यांनी वरचे स्थान दिले. आमच्या मते या दोन वाक्यांत वर परीक्षिलेल्या सर्व ग्रंथांहून अधिक शहाणपण आहे. शरीराने कोणती भाषा बोलावी हे संस्कृती ठरविते, हे त्यांनी मान्य केले. आणि त्या भाषेवरून सत्य ठरत नाही, हेही सांगितले.

येथे आपल्यातील एक दुटप्पीपणा उघड होतो. मिरवणुकीत कापणारी स्त्री दिसली की ती भुताची करणी, आणि आपल्या सभेत कापणारी दिसली की तो आत्म्याचा वर्षाव, असा निर्णय आपण प्रसंग न तपासताच देतो. पौलाने असे केले नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो त्यांना आठवण देतो की मूर्तिपूजक असतानाही ते असेच ओढले जात होते. म्हणजे ओढले जाणे हा पुरावा नव्हे. चौदाव्या अध्यायात त्याचा कस एकच आहे: याने मंडळीची उन्नती होते काय? समजतील असे पाच शब्द त्याला न समजणाऱ्या दहा हजारांहून मोलाचे वाटतात. आणि या दोन अध्यायांच्या मध्ये त्याने प्रीतीचा अध्याय ठेवला आहे, हे विसरून चालणार नाही.

भाषेचाही एक धडा आहे. मराठीत अंगात येणाऱ्यास ‘वारे’ असाही शब्द आहे. इब्री ‘रूआख’ आणि ग्रीक ‘प्न्युमा’ यांचाही अर्थ वारा, श्वास व आत्मा असा तिहेरी आहे, आणि निकदेमाशी बोलताना प्रभूने वाऱ्याचाच दाखला दिला. आपण ‘आत्मा’ हा शब्द घेतला आणि ‘वारे’ देवळाबाहेर ठेवले. खेडुताला त्याच्या शब्दात ‘हे वारे कोणाचे?’ असे विचारणे धर्मशिक्षकास जमले पाहिजे. तो प्रश्न शास्त्राला धरून आहे.

व्यवहारात आम्ही तीन गोष्टी सुचवितो. पहिली, शरीराची चौकशी आधी. अपस्मार आणि मेंदूपर्यंत पोचलेला हिवताप या दोहोंत मनुष्य बरळतो, झटके येतात. बालाघाटच्या जंगलपट्टीने हिवतापाचा मोठा भार सोसला आहे. ताप असेल, तोंडाला फेस येत असेल, तर प्रार्थना रुग्णालयाच्या वाटेवर करावी. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे, जेथे मनोरुग्णांना दैवी उपचारासाठी आणले जाई, साखळदंडांनी बांधलेले २८ जण आगीत जळून मेले. कोणत्याही धर्माच्या नावाने माणसाला बांधून ठेवणे हे पाप आहे.

दुसरी, वैद्यकाला शत्रू मानू नये. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची जी नवी वर्गवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात संचाराचा विकार नोंदलेला आहे. परंतु तो नकोसा व अनिच्छेने येणारा असेल, आणि समाजाच्या मान्य धार्मिक आचाराचा भाग नसेल, तरच त्यास विकार म्हणावे, अशी अट घातली आहे. वैद्यकानेच अर्थाला जागा ठेवली आहे; आपण शरीराला जागा ठेवू नये काय?

तिसरी, एकच तराजू वापरावा. जे वारे एखाद्या विधवेस चेटकीण ठरविते, भावाभावांत वैर लावते किंवा बोलणाऱ्याची थैली भरते, ते जवाऱ्यांच्या मिरवणुकीत आले तरी आणि आपल्या सभेत आले तरी नाकारावे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळांची जी यादी आहे, तिच्या शेवटी इंद्रियदमन आहे. ते पाहण्यास सभेची एक रात्र पुरत नाही. त्यासाठी पुढचे सहा महिने त्या माणसाच्या घरी जावे लागते, आणि ते काम पाळकाचे व धर्मशिक्षकाचे आहे.