शालू, पदर आणि लुगडे : मराठी रंगभूमीवरील स्त्रीवेषाच्या प्रतिष्ठेची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासलेखनात स्त्रीपार्टी नटांचा विचार मुख्यतः गायन आणि अभिनय या दोन अंगांनी झालेला आहे. त्यांच्या वेषभूषेचा उल्लेख विपुल आहे. परंतु तो आठवणींच्या ओघात, कौतुकाच्या सुरात येतो. बालगंधर्वांचे भरजरी शालू, त्यांचे दागिने, केसांत माळलेली फुले, अत्तराचा दरवळ यांची वर्णने पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. या वर्णनांत दोन विशेषणे हटकून भेटतात : 'हुबेहूब' आणि 'कुलीन'. दोन्ही विशेषणे कलेच्या मूल्यमापनाची आहेत असे गृहीत धरले जाते. वस्तुतः दुसरे विशेषण सरळसरळ सामाजिक आहे आणि पहिले त्याच्यावर अवलंबून आहे. पुरुषाने नेसलेली साडी कोणत्या अटींवर आदरास पात्र ठरली, त्या अटींत वस्त्राच्या किमतीचा वाटा किती होता आणि त्या अटी न पाळणाऱ्या स्त्रीवेषाचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. संगीत नाटकातील स्त्रीपार्टी नट, तमाशातील नाच्या आणि यल्लम्माचा जोगता या तिन्ही व्यक्ती स्त्रीवेष करतात, तरी त्यांची जात एक नाही. पहिल्याचा वेष खेळापुरता, दुसऱ्याचा फडापुरता आणि तिसऱ्याचा देवीच्या नावाने जन्मभराचा. ही तुलना वेषाच्या सामाजिक वागणुकीपुरती मर्यादित आहे.

खरेदीचे सौंदर्यशास्त्र

नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) हे १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. भाऊराव कोल्हटकरांच्या १९०१ मधील निधनानंतर मंडळीला नायिकेची उणीव भासत होती. ती या तरुण नटाने भरून काढली. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली आणि येथून पोशाखाचा प्रश्न वेगळ्या पातळीवर गेला. नाटकी सामान म्हणजे दुरून चमकणारे, जवळून हलके असे सामान, हा व्यवसायातील सर्वसाधारण संकेत. रंगमंचावरील जर खोटी असली तरी दिव्याच्या प्रकाशात ती खरी भासते. बालगंधर्वांनी हा संकेत नाकारला. शालू खरा हवा, गालिचा खरा हवा, अत्तर खरे हवे, असा त्यांचा आग्रह होता. 'द्रौपदी' (१९२०) नाटकातील मयसभेच्या थाटामाटाची आणि तिने मंडळीवर टाकलेल्या ओझ्याची चर्चा नाट्येतिहासात वारंवार आली आहे. मंडळी कर्जात रुतत गेली त्यामागे अन्य कारणेही होती. तथापि हा आग्रह त्यांपैकी एक होता, याविषयी मतभेद नाही.

चरित्रकार या आग्रहाला कलानिष्ठा म्हणतात. तसे म्हणण्यास हरकत नाही. परंतु त्यातून एक प्रश्न सुटत नाही. प्रेक्षागृहातील दहाव्या रांगेतील माणसाला खऱ्या जरीचा आणि खोट्या जरीचा फरक कळत नव्हता. तो पुढच्या रांगेतील सधन प्रेक्षकाला आणि विशेषतः प्रेक्षक स्त्रियांना कळत होता. स्त्रियांची नजर पोताची पारख करणारी. पैठणी येवल्याची की आणखी कोठली, काठ कोणता, पदर कसा काढला आहे, निऱ्या कशा चोपून बसवल्या आहेत, हे त्या ओळखत. बालगंधर्वांच्या साडी नेसण्याची, केशरचनेची आणि फुले माळण्याची नक्कल मध्यमवर्गीय स्त्रिया करीत, असे तत्कालीन आठवणींतून सातत्याने येते. गुजराती रंगभूमीवर जयशंकर 'सुंदरी' यांच्याबाबतही असेच सांगितले जाते. यातील व्यंग सहज लक्षात येणारे आहे. पुरुषाने स्त्रियांकडे पाहून वेष घेतला, तो खरेदीने संपन्न केला आणि स्त्रियांनी तो पुन्हा त्याच्याकडून घेतला. ज्या काळात कुलीन स्त्रीने लोकांसमोर मिरवणे अनुचित होते, त्या काळात तिच्या मिरवण्याचा नमुना एका पुरुषाच्या अंगावर ठेवला गेला. दुकानाच्या काचेमागे साडी पाहावी तशी ती रंगमंचाच्या चौकटीत पाहता येई.

स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही त्या काळात होत्या आणि त्यांत पुरुषांच्या भूमिका स्त्रियाच करीत. त्यांच्या पगडीचे वा अंगरख्याचे कौतुक मात्र याच्या शतांशानेही नोंदलेले नाही.

'मानापमान'मधील दागिने

या व्यवहाराचा अंतर्विरोध बाहेर शोधण्याची गरज नाही. तो कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'मध्येच (१९११) आहे. नाटकाचा विषय धन आणि शौर्य यांच्यातील प्रतिष्ठेचा. श्रीमंत घरची भामिनी गरीब पण पराक्रमी धैर्यधराला नाकारते; पुढे 'वनमाला' या नावाने साध्या वेषात त्याच्या छावणीत वावरताना तिची दृष्टी बदलते. नाटककाराने वेषांतर हेच परिवर्तनाचे साधन केले आहे. या कथेत लक्ष्मीधर हे पात्र दागिन्यांनी मढलेले, भित्रे आणि हास्यास्पद आहे. गणपतराव बोडसांनी ही भूमिका गाजवली. पुरुषाने अलंकारांवर जीव टाकणे म्हणजे पुरुषत्वाची उणीव, असा या पात्रामागील निवाडा आहे आणि प्रेक्षक त्यावर मनमुराद हसत असत.

त्याच रंगमंचावर, त्याच वेळी, दुसरा पुरुष नखशिखांत अलंकारांनी नटून भामिनी म्हणून उभा असे आणि त्याच्या प्रवेशाला टाळ्या पडत. एका नटाच्या अंगावरील दागिना उपहासाचा, दुसऱ्याच्या अंगावरील आराधनेचा. भेद एवढाच की लक्ष्मीधर पुरुष राहून नटतो आणि भामिनीच्या वेषातील नट पुरुष असल्याचे काही काळ विसरण्याचा करार झालेला आहे. अर्धवट नटणे मान्य नाही, संपूर्ण नटणे मान्य आहे. 'हुबेहूब' या विशेषणाचा खरा अर्थ या ठिकाणी उलगडतो. ते साम्याचे वर्णन आहेच, शिवाय ती अट आहे : फट दिसता कामा नये. फट बुजवण्यासाठी कष्ट लागतात, गळा लागतो आणि पैसाही लागतो. 'मानापमान'वरील समीक्षेने संगीताची आणि धन-शौर्य द्वंद्वाची भरपूर चर्चा केली. हा प्रयोगातील दुपेडी दागिना मात्र तिच्या नजरेतून निसटला, हे काहीसे आश्चर्याचे आहे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी झाला. धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले होते, ज्यांनी स्वतः पूर्वी 'शारदा'मधील नायिका रंगवून नाव मिळवले होते. म्हणजे त्या रात्री नायक आणि नायिका या दोघांनाही नऊवारीचा सराव होता. त्याच महिन्यात, ३१ जुलैला, त्याच शहरात महात्मा गांधींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी पेटली. राष्ट्रकार्यासाठी निधी जमवणारे भरजरी वस्त्र आणि राष्ट्रकार्यासाठी जळणारे वस्त्र यांत तीन आठवड्यांचे अंतर आहे. वस्त्राला नैतिक अर्थ चिकटवण्याची सवय त्या पिढीच्या अंगवळणी पडली होती. म्हणून स्त्रीवेषाचाही अर्थ वस्त्राच्या दर्जावरून लावला गेला, यात नवल नाही.

पेटीतले वस्त्र

नाटक मंडळीचे जीवन फिरतीचे. पुणे, मुंबई, बेळगाव, हुबळी, बडोदे असा आगगाडीचा प्रवास, गावात बिऱ्हाड, मुक्काम संपला की पुन्हा बांधाबांध. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला झाला, तेव्हाही असाच लवाजमा गेला असणार. या प्रवासात स्त्रीवेष पेटीत असे आणि नट पुरुषी पोशाखात. फलाटावर उतरणारे ते नारायणराव. रात्री पडदा वर गेल्यावर रुक्मिणी किंवा सिंधू. प्रतिष्ठेची दुसरी अट येथे दिसते : वेषाने रंगमंचाचा उंबरठा ओलांडू नये. कापडाच्या पेढीवर उंची शालू उलगडून पाहणाऱ्या स्त्रीपार्टी नटाला संकोचाचे कारण नव्हते, कारण खरेदी मंडळीसाठी होती. आज शहरात केवळ स्वतःच्या आवडीने स्त्रीवेष करणाऱ्या पुरुषापुढे दुकानात 'कोणासाठी?' हा विक्रेत्याचा साधा प्रश्न येतो आणि त्याला सहसा बहिणीचे किंवा पत्नीचे नाव पुढे करावे लागते. साडी तीच, तिच्या मागे संस्था उभी आहे की नाही, एवढाच फरक.

'एकच प्याला'मधील सिंधू ही या दृष्टीने विशेष महत्त्वाची भूमिका. सधन घरातील सिंधू दारिद्र्यात ढकलली जाते, दळण दळते. शालूसाठी ख्यात झालेल्या नटाला येथे शालू सोडावा लागतो. प्रेक्षकांनी ही सिंधू डोक्यावर घेतली. यावरून किमतीचा मुद्दा खोटा ठरतो असे कोणी म्हणेल. आणि हा आक्षेप गंभीर आहे. त्याला अर्धेच उत्तर देता येते. सिंधूचे दारिद्र्य हे पडलेल्या कुलीनतेचे दारिद्र्य आहे. फाटक्या वस्त्राआडही पूर्वीचा शालू प्रेक्षकांच्या स्मरणात असतो. जन्माने दरिद्री स्त्रीची भूमिका गंधर्वपरंपरेच्या केंद्रस्थानी कधी आली नाही. उरलेले अर्धे उत्तर मात्र गायनात आणि अभिनयात आहे, हे मान्य केले पाहिजे. सर्वच गोष्टी कापडाने सिद्ध होत नाहीत.

पुढे करार सैल झाला. हिराबाई बडोदेकरांच्या नाट्यशाखेने आणि १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'ने स्त्रियांनी स्त्रीभूमिका करण्याचा पायंडा दृढ केला. बालगंधर्व 'धर्मात्मा'मध्ये (१९३५) एकनाथांच्या पुरुषभूमिकेत आले आणि 'साध्वी मीराबाई'मध्ये (१९३७) पुन्हा स्त्रीवेषात. दोन्ही वेळा प्रेक्षक थंडच राहिला. कॅमेऱ्याला पोत, वय आणि फट सारेच दिसते. पन्नाशी उलटल्यावरही ते रंगमंचावर नायिका म्हणून उभे राहत, याकडे करुणेने पाहण्याची रीत आहे. एखाद्याला स्त्रीवेषातच आदर मिळाला असेल, तर त्याने तो वेष का उतरवावा, हा प्रश्न त्या करुणेत बुडून जातो.

पदर आणि लुगडे

तमाशाच्या गवळणीतील मावशी ही याच्या नेमकी उलट. अनेकदा धोतर तसेच ठेवून डोक्यावरून नुसता पदर घेतलेला हा पुरुष फट बुजवत नाही. फटीतूनच विनोद काढतो. खर्च जवळजवळ शून्य. कलादृष्ट्या ही युक्ती 'हुबेहूब'पेक्षा कमी बुद्धीची नाही, कदाचित अधिक सूक्ष्म आहे. पण मावशीला 'कुलीन' कोणी म्हटले नाही. नाच्याची स्थिती त्याहून कठीण. मराठी चित्रपटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील यांच्या वाट्याला भूमिकेचा शिक्का खासगी जीवनातही आला. संसारी गृहस्थ असूनही लोकांची शंका त्यांच्या घरापर्यंत पोहोचली. म्हणजे येथे वेषाला उंबरठा ओलांडायला समाजानेच भाग पाडले. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीतील गुणा राजा होऊ पाहतो आणि नाच्या होतो. पैलवानी देहाने स्त्रीची चाल शिकणे हा त्यातील सर्वांत ताकदीचा भाग, आणि त्याची किंमत गुणा आपल्या देहाने व संसाराने मोजतो.

जोगत्याचे लुगडे तर निवडीचे नाही. राजन गवस यांच्या 'भंडारभोग'मध्ये आणि 'चौंडकं'चा आधार घेतलेल्या 'जोगवा' (२००९) या चित्रपटात हे वस्त्र माणसावर लादले जाते. 'जोगवा'तील तायाप्पा लुगडे नेसून गावातून चालतो, सौंदत्तीच्या वाटेवर चालतो, उघड्या उन्हात चालतो. त्याला पेटी नाही, पडदा नाही, पुरुषी पोशाखात परतण्याची सोय नाही. २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय कायद्याने आपल्या व्याख्येत 'जोगता' हा शब्द समाविष्ट केला, ही नोंद महत्त्वाची आहे. मात्र कायद्याने व्याख्येत घेतलेला जोगता आणि गवसांच्या कादंबरीतील वेषाखाली गुदमरणारा जोगता एकच आहेत काय, याची चर्चा मराठी समीक्षेत अद्याप पुरेशी झालेली नाही. वेषावरून ओळख ठरवण्याची घाई कायद्याइतकीच समीक्षेलाही असते.

रवी जाधव यांच्या 'बालगंधर्व' (२०११) या चित्रपटाला एकोणसाठाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत वेषभूषा, रंगभूषा आणि पार्श्वगायन यांसाठी गौरवण्यात आले. नीता लुल्ला यांचे वेषभूषेचे काम खरोखर दर्जेदार आहे; पैठणीचा पडद्यावरील तजेला डोळ्यांत भरतो. मात्र चित्रपट शालूकडे ज्या डोळ्यांनी पाहतो, ते पुढच्या रांगेतील सधन प्रेक्षकाचेच डोळे आहेत; खर्चिकपणा त्याला नायकाचा दिलदार दोष वाटतो. 'जोगवा'ला त्याआधी छप्पन्नाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सामाजिक विषयावरील चित्रपट म्हणून पुरस्कार मिळाला आणि उपेंद्र लिमये सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. एका स्त्रीवेषाची नोंद वेषभूषेच्या रकान्यात झाली, दुसऱ्याची सामाजिक प्रश्नाच्या. परीक्षकांनी रकाने चुकीचे निवडले असे म्हणता येणार नाही. दोन्ही चित्रपटांनी आपापले रकाने स्वतःच आखून दिले होते. 'जोगवा'तील लुगड्याचा रंग, त्याचा जाडाभरडा पोत आणि ते नेसण्याची पद्धत यांवर मराठीत वेषभूषा म्हणून कोणी सविस्तर लिहिलेले सहसा आढळत नाही, आणि गंधर्वांच्या शालूवर सामाजिक प्रश्न म्हणून तर त्याहूनही कमी.