‘सारखी’

मागच्या महिन्यात विहारात ‘सुजाता’ लावला. एकानं लॅपटॉप आणला, दुसऱ्यानं कुठून तरी प्रोजेक्टर मिळवला, भिंतीवर चादर ताणली. पिक्चर संपला आणि भांडण लागलं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

पिक्चर बिमल रॉयचा, १९५९ चा. कथा सुबोध घोष यांची. अस्पृश्याची पोर, आईबाप पटकीत गेलेले, ब्राह्मण इंजिनियर चौधरीच्या घरात वाढते. घरची पोरगी रमा कॉलेजात जाते, सुजाता घर आणि बाग सांभाळते. ज्या अधीरशी रमाचं जमवायचं, तो हिच्याच प्रेमात पडतो. टेलिफोनवर गाणं म्हणतो, ही इकडं रिसीव्हर धरून मुकी रडते. (घर बंगाली, पण त्यातल्या बायका बघा : नूतन, सुलोचना, शशिकला, ललिता पवार. साऱ्या मराठी.) शेवटी घरची बाई जिन्यावरून पडते. रक्त लागतं. जुळतं ते फक्त सुजाताचं. मग बाईच्या काळजाला पाझर फुटतो आणि लग्न लागतं.

आपली पोरं भडकली. म्हणाली, म्हंजे रक्त दिल्याबिगर आपण यांच्या घरात माणूस होत नाही! एकजण बोलला, ‘बाटलीभर रक्त म्हंजे हुंडाच झाला की साला.’

मला पटलं. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आंतरजातीय लग्न हा खरा उपाय सांगितला. रक्त एकमेकांत मिसळल्याशिवाय आपलेपणा यायचा नाही, असं मांडलं. पण तिथंच न थांबता ते शास्त्रांच्या पावित्र्यावर गेले. ‘सुजाता’त रक्त एकाच दिशेनं वाहतं : खालून वर. शास्त्राच्या मुळावर घाव नाही. आजीबाईचा हट्ट तेवढा मोडायचा.

आणि सुजाता जीव द्यायला घाटावर जाते तेव्हा पावसात तिला कोण आडवतं? गांधींचा पुतळा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी धम्म घेतला. त्यानंतर तीन वर्षांनी हा पिक्चर येतो, पण त्या लाखांतलं एक माणूस यात नाही. नुसता धम्म नाही असं नाही, सुजाताला वस्तीच नाही. मामा नाही, मावशी नाही, शेजारीण नाही. दिग्दर्शकाची खरी लबाडी मला इथं दिसते. पोर एकटी ठेवली की तिनं कृतज्ञच राहावं लागतं. पिक्चरमध्ये टागोरांच्या ‘चंडालिका’चा प्रयोग आहे. मूळ गोष्ट बौद्ध : आनंद चांडाळाच्या मुलीकडं पाणी मागतो. पाणीच मागतो, रक्त नाही. आणि ‘सुजाता’ हे नाव आपण पोरींना ठेवतो ते सिद्धार्थाला खीर देणाऱ्या सुजातावरून. पिक्चरवाल्याला त्यात ‘चांगल्या कुळातली’ एवढंच ऐकू आलं.

इथवर मी पोरांच्या बाजूनं होतो.

पण मागच्या सतरंजीवर धुणंभांडी करणाऱ्या बायका बसल्या होत्या, आणि त्या रडत होत्या. पोरं हसली. ‘मावशे, खोटं हाय ते समदं, कशाला रडती?’ मावशी उसळली.

‘येडे का रं तुम्ही? मी काय त्या रक्तापायी रडले? ती बाई पाव्हण्यांपुढं काय म्हणली, ही आमच्या पोरीसारखी. “सारखी” म्हणली. मला बी बावीस वरसं त्या घरात तसंच म्हणत्यात. आन् माझा कप खिडकीत, येगळा.’

कुणी काही बोललं नाही.

आम्ही शेवटाशी भांडत होतो, मावशीनं मधलं बघितलं होतं. ‘बेटी’ आणि ‘बेटी जैसी’ यातलं अंतर त्या घरात रोज, चहा देताना, पाहुणे येताना मोजलं जातं, आणि नूतन ते नुसत्या चेहऱ्यानं सांगते. मान खाली, ट्रे हातात, कान उघडे. तेवढ्या भागात पिक्चर खोटं बोलत नाही. तो खोटं बोलायला लागतो शेवट शोधताना. सवर्ण प्रेक्षक रडतो तो आपण किती चांगले म्हणून. मावशी रडली ती कपासाठी. दोन्ही रडण्यांना आपण ‘भाबडेपणा’ हा एकच शिक्का मारून मोकळे झालो. आपली समीक्षा म्हंजे काय, तर पोथीच झाली की.

मग बारावीतली एक पोरगी बोलली. तिला शेवटच आवडला होता. पोरं परत सरसावली. ती म्हणाली, ‘२०१६ ला “सैराट” बघून आल्यापासून आई मला एकटीला बाहेर सोडंना. त्यात पण रक्तच हाय शेवटी. एक तरी जोडपं जिवंत राहू द्या की. खोटं तर खोटं.’

तिला काय उत्तर द्यावं? ‘सैराट’ खरा आहे, हे मी म्हणालो. ती म्हणाली, ‘खरं हाय म्हणूनच.’

यावर माझ्याकडं अजून काही नाही. पुढच्या रविवारी पिक्चर परत लावायचा ठरलंय. या वेळी पोरं मागच्या सतरंजीवर बसणार, आणि चहा पण पोरंच करणार.