कूपरस्टाऊन : एका गावाचा सातबारा

न्यूयॉर्क राज्यातलं कूपरस्टाऊन हे दोन हजारांहून कमी वस्तीचं गाव. तरी अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्यांची पंढरी तीच. 1939 साली इथे ‘हॉल ऑफ फेम’ उघडलं, कारण शंभर वर्षांपूर्वी ॲब्नर डबलडेने हा खेळ याच गावात शोधून काढला, अशी कथा होती. प्रत्यक्षात 1839 साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. कथेचा आधार एका म्हाताऱ्याचं पत्र. 1839 साली तो जेमतेम पाच वर्षांचा होता. पण बेसबॉल इंग्लंडच्या राउंडर्समधून आलेला नाही, अस्सल अमेरिकी आहे, हे ज्यांना हवं होतं त्यांना तेवढं पुरलं.

हा किस्सा हसून सोडून देता येतो. ॲलन टेलर यांचं ‘विल्यम कूपर्स टाऊन’ वाचल्यावर मला तो सोडवेना. 1996 साली इतिहासाचं पुलित्झर मिळालेल्या या पुस्तकाचा विषय बेसबॉल नाही. गाव वसवणारा विल्यम कूपर आहे. गाड्यांची चाकं बनवणारा हा माणूस. जॉर्ज क्रोगन नावाच्या कर्जबाजारी व्यापाऱ्याची जमीन त्याने 1786 च्या लिलावात मिळवली. क्रोगनचे वारस हक्क सांगत राहिले. कूपर मात्र न्यायाधीश झाला, काँग्रेसमध्ये गेला. 1809 साली तो वारला आणि काही वर्षांत सगळी इस्टेट बुडाली.

त्याचा मुलगा जेम्स फेनिमोर कूपर. 1823 साली त्याने ‘द पायोनियर्स’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातल्या न्यायाधीशाकडेही दुसऱ्याची जमीन आहे, पण तो ती मित्राच्या कुटुंबासाठी सांभाळतोय, असं शेवटी कळतं. खरा वारस न्यायाधीशाच्या मुलीशी लग्न करतो आणि तंटा मिटतो. टेलर कोर्टाची कागदपत्रं, पत्रं आणि कादंबरी शेजारी ठेवून वाचतात, तेव्हा दिसतं की बापाने जे केलं नाही ते मुलाने कागदावर करून टाकलंय. पुस्तकाची खरी ताकद इथे आहे.

माझा मतभेदही इथेच आहे. टेलर यांचा भर वारशाच्या गणितावर आहे, आणि त्या गणितात कादंबरी फार नीट बसते. पण त्याच कादंबरीत नॅटी बम्पो हा म्हातारा शिकारी आहे. बंदीच्या काळात हरीण मारलं म्हणून नव्या वस्तीचा कायदा त्याला पकडतो. त्याचा मूलनिवासी सोबती मरतो, आणि शेवटी नॅटी गाव सोडून पश्चिमेकडे निघून जातो. लग्नाने जमिनीचा सातबारा साफ होतो, पण या दोघांचं नाव त्यावर कुठेच लागत नाही. वारसांमधला तंटा मिटवताना, त्यांच्याही आधी तिथे कोण होतं हा प्रश्न लेखकाने उघडाच ठेवलाय. माझ्या मते तीच या कादंबरीची सगळ्यात प्रामाणिक बाजू.

म्हणून मला बेसबॉलची दंतकथा निरुपद्रवी वाटत नाही. ‘द पायोनियर्स’ निदान आपल्या गावाबद्दल अस्वस्थ आहे. डबलडेच्या कथेत गाव 1839 सालच्या एका मैदानावर सुरू होतं; त्याआधीचा लिलाव, वारस, मूलनिवासी, कोणीच तिथे नाही. कूपरस्टाऊनला जायचं ठरलं, तर संग्रहालयाच्या आधी टेलर वाचा आणि त्यांच्या सोबतीने ती जुनी कादंबरीही.